तुळजाबाईंचे तीन दात

माग चालवताना धाग्याचा लाकडी धोटा उडतो, हे कोष्ट्याच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. पण तो उडून नेमका आपल्या तोंडावर बसेल, असे तुळजाबाईंना पंचवीस वर्षांत कधी वाटले नव्हते. पंचावन्न सालच्या फाल्गुनात तो बसला. वरचे समोरचे दोन दात जागच्या जागी गेले आणि तिसरा चार दिवस हलत राहून वरणभाताबरोबर निघून आला.

"माय, आता मागाले हात लावू नको," गिरणीत कामाला असलेला मुलगा मनोहर म्हणाला. "बसून खाय."

"कायनं खाऊ?" तुळजाबाई म्हणाल्या.

खाण्याचे एक वेळ निभावले असते. खरी अडचण मागावर होती. ताण्याचा उभा धागा तुटला की तो सांधायचा आणि उरलेले टोक दाताने तोडायचे, ही त्यांची जन्माची रीत. आता प्रत्येक टोकाला कात्री शोधावी लागे. आणि कात्री कुठे आहे हे सुनेला विचारावे, तर त्या शब्दातला 'त' तोंडातून नुसता वारा होऊन बाहेर पडे. सून प्रेमिला पदर तोंडात कोंबून हसे. आठ दिवस तुळजाबाईंनी हे सोसले आणि नवव्या दिवशी पायात वहाणा घालून त्या एकट्याच सीताबर्डीला गेल्या.

तिथे डॉक्टर ताराचंद नावाचे सिंधी गृहस्थ दात बसवत. फाळणीत कराची सोडून आलेले, बोलायला गोड. त्यांनी आरशाने तोंड तपासले.

"पूरी बत्तीसी की ज़रूरत नहीं, माँजी. दोनों तरफ़ के दाँत मज़बूत हैं. उन पर सोने की टोपी चढ़ाएँगे, बीच में तीन नए दाँत. पुल बन जाएगा."

"पूल म्हणजे खालून पाणी जाते काय?"

"जाना ही चाहिए. रोज़ कुल्ला करना."

तुळजाबाईंना हा माणूस पटला. सोने घरचे आणले तरी चालेल, असे त्याने सांगितले, तेव्हा त्यांना पेटीतली अंगठी आठवली. नवरा जाऊन नऊ वर्षे झाली होती. अंगठी तेव्हापासून फडक्यात बांधून पडली होती. ती त्यांनी डॉक्टरांच्या हातात ठेवली.

पुढचे तीन आठवडे खेपा झाल्या. डॉक्टरांनी बाजूचे दात कानशीने घासून बारीक केले, ओल्या चुन्यासारखा मसाला तोंडात भरून साचा घेतला. प्रत्येक खेपेला बाहेरच्या बाकावर महादेवराव भेटत. लकडगंजात राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, बायको वारलेली. त्यांचाही खालच्या दातांचा पूल चालू होता. दोघांचे बोलणे दातांपलीकडे गेले नव्हते. तुमचा मसाला गोड लागला का, माझा तर खडूसारखा लागला, एवढेच.

चैत्रातल्या एका दुपारी दोघांचेही पूल एकाच दिवशी चिकटवले गेले. डॉक्टरांनी दोघांना समोर उभे करून बजावले, "शाम तक दाँत पर दाँत दबाके रखना. एक लफ़्ज़ नहीं बोलना. मुँह खोला तो पुल गया."

बाहेर ऊन मरणाचे होते. महादेवरावांनी तांगा थांबवला, हाताने खूण केली. रस्ता एकच होता. तुळजाबाई बसल्या. सीताबर्डीपासून गोळीबार चौकापर्यंत दोघेही दात दाबून, समोरच्या घोड्याकडे पाहत, मुकाट्याने आले.

तुळजाबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी नळावर शेजारची गोपिका उभी होती.

"काय वं तुळजामावशी, कुठून येऊन राहिली?"

तुळजाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"हे कोण होय?"

महादेवरावांनी ओठ न उघडता दोन्ही हात जोडले. गोपिकेने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. पदराआड लाजणारी तुळजामावशी तिने आजवर पाहिली नव्हती.

"मंग पक्कं झालं म्हणा की," ती म्हणाली.

दात पक्के बसले का, असे ही विचारते आहे, हे समजून तुळजाबाईंनी मान हलवली. महादेवरावांनीही हलवली.

संध्याकाळी मनोहर गिरणीतून सुटला तेव्हा गिरणीच्या दारावरच दोन सोबत्यांनी त्याला आईच्या लग्नाची मिठाई मागितली. तो घरी आला तो घुश्शात. आईशी काही न बोलता त्याने बायकोला आत बोलावले. प्रेमिलाने सांगितले की सासूबाईंनी नवे दात लावले आहेत, पाणी पिताना सोने चमकते, आणि मामंजींची अंगठी पेटीत नाही.

एव्हाना दिवेलागण झाली होती, म्हणजे बोलायला मोकळीक होती. तुळजाबाई नवे दात दाखवायलाच उठत होत्या. तेवढ्यात मनोहर ओसरीतून, भिंतीला सांगावे तसा म्हणाला, "या वयात लोक काशीले जाते."

तुळजाबाईंनी उघडलेले तोंड पुन्हा मिटले. डॉक्टरांची मनाई संपली होती, पण आता त्यांची स्वतःची सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी त्या मागावर बसल्या. धागा तुटला, सांधला, टोक दाताने कट्‌कन तोडले. दिवसभर तो आवाज घरात येत राहिला. तिकडे सुताची गाठोडी घेऊन त्यांच्या सासरगावी, खाप्याला जाणाऱ्या कोणीतरी बातमीही सोबत नेली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने खाप्याहून धाकटे दीर रुपराव आणि थोरली नणंद यमुताई उतरले. रुपरावांनी पाणीही घेतले नाही. ओसरीत सतरंजीवर बसले. मनोहर कामाला खाडा करून भिंतीशी उभा राहिला. यमुताई खांबाला टेकल्या. तुळजाबाई सैपाकघराच्या उंबऱ्यात विळी घेऊन बसल्या आणि कैरी चिरू लागल्या.

"वहिनी, आमाले सगळं समजलं आहे," रुपराव म्हणाले.

"बरं झालं." तुळजाबाईंनी एक फोड तिखटमिठात बुडवून तोंडात टाकली. ती चावल्याचा आवाज ओसरीच्या टोकापर्यंत गेला.

"दादाची अंगठी मोडली म्हणते तुमी."

"मोडली नाही. नऊ वर्षं पेटीत पडून होती, आता तोंडात आहे. तुमच्या दादाले भाकरीचा शौक होता, भाऊजी. आता दोन टाइम भेटून राहिली त्याले."

यमुताई खोकल्या. हसू होते की खोकला, ते कळले नाही. त्यांची नजर कैरीवरून हलत नव्हती. त्यांना तोंडात चारच दात होते आणि चारही एकमेकांना कधी न भेटणारे.

"हासाची गोष्ट नाही," रुपराव म्हणाले. "विधवा बाईले दात काहून पायजे? कोणासाठी?"

"धागा तोडासाठी. तुमची कवळी कोणासाठी आहे?"

रुपरावांनी ओठ घट्ट मिटले. त्यांनी दोन वर्षांमागे नागपुरातूनच पुरी कवळी करून नेली होती, आणि ही गोष्ट घराबाहेर कोणाला ठाऊक नाही असा त्यांचा समज होता.

"याले मी तवाच म्हटलं होतं," यमुताई खांबाला सांगू लागल्या, "मलेही ने म्हणून. तं म्हणे, बाई, तुले काय करायचे आता दात. तेव्हापासून मी ताकात भाकर भिजवून राहिली."

"यमुताई, तू याच्यात बोलू नको," रुपराव म्हणाले.

एवढ्यात दारात महादेवराव आले. धुतलेले धोतर, काळी टोपी. गोष्ट लकडगंजलाही पोचली होती आणि त्यांच्या थोरल्या मुलाने त्यांच्याशी दोन दिवस बोलणे टाकले होते. ते उभ्यानेच म्हणाले, "बाई, माह्यामुळं तुमाले त्रास झाला. मी माफी मागाले आलो."

"तांग्यातले तुमीच काय?" रुपरावांनी विचारले.

"हो. पण आमी तांग्यात एक शब्द बोललो नाही."

"तेच तं. बोलाची गरजच नाही पडली."

महादेवरावांनी डॉक्टरांची ताकीद, चिकटवलेले पूल, नळावरची गोपिका, सगळे पहिल्यापासून सांगितले. मनोहर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. प्रेमिलाने घाईघाईने चहा आणला आणि पहिला कप पाहुण्यांना दिला.

"मंग वहिनी," रुपराव म्हणाले, "हे तुमी पहिलेच सांगाचं होतं. आमचा मोटारीचा फेरा वाचला असता."

तुळजाबाईंनी विळी मिटवून बाजूला ठेवली.

"विचारलं असतं तं सांगितलं असतं. गोपिकानं गल्लीले सांगितलं. माह्या पोरानं बायकोले विचारलं. तुमी तं आल्या आल्या म्हटलं, सगळं समजलं आहे. लग्नाची गोष्ट माह्या मनातही नव्हती, ते तुमी खाप्यावरून सोबत घेऊन आले. अन् असती मनात, तरी मी काही लपवून ठेवली नसती. काशीले जायचं असंल तं काशीले जाईन, लग्न करायचं असंल तं लग्न करीन. तीन दिवस झाले, सारं नागपूर माह्याबद्दल बोलून राहिलं. पण मले कोणी विचारलंच नाही."

बोलताना एकही अक्षर वाऱ्यावर गेले नाही. प्रत्येक 'त' जिथल्या तिथे वाजला.

महादेवरावांनी कप खाली ठेवला. तीस वर्षे गार्डाची नोकरी केलेला माणूस. त्यांनी आधी उजवीकडे पाहिले, मग डावीकडे पाहिले.

"मंग मी विचारू काय?" ते म्हणाले.

प्रेमिलाच्या हातातली बशी कपावर वाजली. रुपरावांचे तोंड उघडले आणि वरची कवळी जराशी खाली आली, ती त्यांनी जिभेने मागे लोटली.

तुळजाबाईंनी कैरीची एक फोड उचलली, मीठ लावले, पण तोंडात टाकली नाही.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज घरी पाहुणे आहेत. रविवारी या."

महादेवरावांनी टोपी सारखी केली, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते गेले.

रुपराव उठले. त्यांनी थैली काखेत मारली. "चाल यमुताई. दोनची मोटार भेटन आपल्याले."

यमुताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी उंबऱ्याकडे सरकून तुळजाबाईंच्या हातातली फोड घेतली आणि तोंडात ठेवून चोखू लागल्या.

"तू होय पुढं," त्या म्हणाल्या. "मी रविवार पाहूनच येईन."