ब्रेकमास्तरांच्या चिठ्ठ्या

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांना सगळी इमारत ब्रेकमास्तर म्हणायची. जन्मभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून ब्रेक सांभाळल्यामुळे जेवताना कुणी ताट जोरात सरकवलं, तरी त्यांचा पाय आपोआप दाबला जाई. त्यांचा एकही शिष्य आजवर खांबावर चढला नव्हता. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्तच होता.

एका रविवारी त्यांनी ठरवलं, आपलं घर विजेच्या बाबतीत असं निर्धोक करायचं की लोकांनी बघायला यावं. सकाळीच कामाला लागले. एका प्लगवर तीन प्लग चढवून केलेला मनोरा उतरवला. पट्टी गुंडाळून जगवलेली वायर कचऱ्यात गेली. बायकोची इस्त्री जप्त झाली. ती म्हणाली, इस्त्री चांगली आहे, हाताला जरा मुंग्या येतात इतकंच. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

मग मोठं काम काढलं. कुठला खटका पाडला की कुठल्या खोलीची वीज जाते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. जिन्याच्या वळणावर भिंतीत खटक्यांची पेटी होती. मास्तर टपोऱ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या आणि डिंक घेऊन तिथे उभे राहिले. बायकोला त्यांनी घरात बसवलं. मी खटका पाडला की कुठली वीज गेली ते ओरडून सांगायचं, एवढंच काम तिला दिलं.

नेमका तेव्हाच तिच्या बहिणीचा फोन आला. बहिणीची नणंद महिनाभर मुक्काम ठोकून होती, त्यामुळे विषय नाजूक होता.

मास्तरांनी पहिला खटका पाडला. "गेली का गं?"

"गेली? सुटलीस बाई!" आतून आवाज आला.

मास्तर खूश झाले. बायकोलाही सुरक्षेची गोडी लागली म्हणायची. त्यांनी खटका वर केला.

"अगं बाई, लगेच परत आली?"

याहून चोख उत्तर कुठल्या मदतनिसाने दिलं असतं? खोलीचं नाव काही ती सांगत नव्हती, पण मास्तरांनी ते अंदाजाने लावलं. नणंद विसरलेली छत्री न्यायला परतली, मग डबा न्यायला परतली, आणि तेवढ्यात जिन्यात सगळ्या चिठ्ठ्या चिकटून झाल्या.

आता मागच्या खोलीतला सैल प्लग बदलायचा होता. मास्तरांनी 'आमची मागची खोली' असं लिहिलेला खटका पाडला, आत जाऊन पेचकस काढला, आणि हात लावण्याआधी टेस्टर लावला. टेस्टर लाल पेटला. पुन्हा लावला, पुन्हा पेटला. वीज तर बंद केलेली! दुसरा कुणी असता तर टेस्टरला शिव्या घालून कामाला लागला असता. पण रस्ता मोकळा दिसला तरी आरशात बघायचं, हे मास्तर हजारदा शिकवून चुकले होते. त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि बाहेर आले.

जिन्यात माणसं जमली होती. समोरच्या केकवाल्या ताई रडवेल्या होऊन उभ्या होत्या. लग्नाच्या ऑर्डरचा केक भट्टीत फुगत असताना त्यांच्याकडची वीज सारखी येत-जात होती आणि आता गेली ती आलीच नव्हती. केक असा बसला होता, जणू त्याच्यावर कुणी दुपारची झोप काढून गेलं होतं. त्यांनी बोलावलेला वायरमन पेटीसमोर उभा होता.

"ह्या चिठ्ठ्या कुणी लावल्या?" त्याने विचारलं.

मास्तर छाती काढून पुढे झाले. "मी."

वायरमनने एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली. आमचा हॉल. आमचं स्वयंपाकघर. आमची मागची खोली. "मास्तर, ही ताईंची पेटी. तुमची ती शेजारची."

कुणी हसायच्या आत ताई म्हणाल्या, "मास्तर, संध्याकाळी लग्न आहे हो!" मास्तरांना जिन्याच्या पायऱ्यांत शिरावंसं वाटलं.

वायरमनने भट्टीचा खटका वर करण्याआधी पेटीचं झाकण काढलं, आणि सगळ्यांना जवळ बोलावून आत बोट दाखवलं. भट्टीकडे जाणारी वायर वितळून काळी पडली होती. हे आज ना उद्या पेटलं असतं, असं तो म्हणाला, तेव्हा ताई बसलेला केक विसरल्या.

त्याने वायर बदलली. मास्तरांनी ताईंसाठी दुसऱ्या केकची अंडी फेटली आणि स्वतःच्या गाडीतून केक कार्यालयात पोचवला, इतक्या हळू की मागून सायकली पुढे गेल्या. केकला ओरखडा नाही.

पुढच्या महिन्यात इमारतीच्या बैठकीत मास्तरांना विजेच्या सुरक्षेवर बोलायला सांगितलं. ते टेस्टरविषयी, वितळलेल्या वायरीविषयी आणि एका कुटुंबावरचं संकट वेळेवर कसं टळलं याविषयी अर्धा तास बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांची मान ताठ झाली. शंका असतील तर विचारा, ते म्हणाले.

मागच्या रांगेतून त्यांच्या बायकोने हात वर केला.

"अहो, सगळं छान सांगितलंत. पण आपल्या पेटीवर चिठ्ठ्या कधी लावताय?"