दाभाडे सरांचं काचेचं स्वयंपाकघर

दाभाडे सरांच्या घरी चहा बीकरमधून मिळतो. “शंभर मिली की दीडशे?” असं ते विचारतात आणि आपण “अर्धा कप” म्हणालो की नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघतात. बीकरला कान नसतो, त्यामुळे बोटं भाजतात. तक्रार केली तर व्याख्यान सुरू होतं आणि ते चहापेक्षा जास्त भाजतं. म्हणून आमच्या गारखेड्याच्या गल्लीत सगळे मुकाट्यानं बोटं भाजून घेतात.

सरांनी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं शेतीत रमतात, नाहीतर गल्लीतल्या भानगडीत. सरांची चितेगावला चांगली बागायती शेती आहे, पण तिकडे ते फिरकत नाहीत. त्यांनी काय केलं, तर एके दिवशी घरातली सगळी पातेली, कढया, कुकरसुद्धा पोत्यात भरून भंगारवाल्याला दिली आणि सिटी चौकातल्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आगीवर चालणारी काचेची भांडी आणली. वरण काचेत, भात काचेत, दूध तर चक्क निमुळत्या गळ्याच्या फ्लास्कमध्ये. ते उतू जायचं तेव्हा कारंजं उडायचं.

“स्टीलचं पातेलं म्हणजे बंद कपाट हो,” सर सांगायचे. “आत काय चाललंय, काही पत्ता लागत नाही. दिसलं पाहिजे, साहेब, दिसलं पाहिजे!”

घरी पाहुणा असला तरी सरांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. तुम्ही मुलीचं लग्न ठरल्याचं सांगा नाहीतर कुणी गेल्याचं, सरांची नजर तुमच्या कानावरून थेट गॅसवर. इतका खादाड माणूस मी दुसरा बघितला नाही, असं मी आमच्या घरी सांगत असे.

आहेरातसुद्धा तेच. बजाजनगरला माझ्या भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला बीकरचा संच दिला, वर स्टेजवरच तो धुवायचा कसा ते समजावलं. मागे फोटोसाठी रांग खोळंबली होती. त्यातल्या एका बीकरमध्ये भाचा आता दाढीचा ब्रश ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्या हातची येसर आमटी खायला कुणीही जेवण सोडून येईल. पानं मांडली आणि आतून फाडकन आवाज आला. सर धावले. उकळत्या आमटीचं भांडं गॅसवरून थेट ओल्या ओट्यावर टेकलं होतं. आमटी फरशीवर आणि काचा आमटीत.

“माझीच चूक,” बाहेर येऊन सर म्हणाले. “तिला तसं ठेवायला मीच सांगितलं. ही काच आग सोसते, पण तापलेली असताना गार लागलं की तडकते. प्रयोग करून बघत होतो.”

पाहुण्यांच्या आमटीवर प्रयोग! आम्ही दही-पोळी खाऊन उठलो आणि पुढे कित्येक दिवस सरांची टिंगल केली. नक्कल अर्थातच माझ्याकडे होती.

परवा दुपारी त्यांची शिडी परत करायला गेलो. काकू चहा ठेवत होत्या. त्यांनी काचेचं भांडं गॅसवर चढवलं, आच मोठी केली आणि साखरेचा डबा शोधू लागल्या. भांड्यात पाणीच नव्हतं. रिकामी काच तापत होती. थोड्या वेळानं त्यांनी माठातून गार पाण्याचा तांब्या भरला आणि भांड्याकडे वळल्या.

सर खुर्चीतून असे उठले की मी दचकलो. त्यांनी गॅस बंद केला आणि हसत तांब्या हातातून काढून घेतला. “थांब, थांब. हे भांडं मीच ठेवलं होतं. पाणी घालायचं राहिलं बघ माझं.”

काकूंनी कपाळावर हात मारला. “बघा विलासराव, यांना लई विसर पडायलाय आताशा. एकट्याला बाहेर सोडायची भीती वाटायलीय मला.”

“व्हय, पडायलाय खरा,” सर म्हणाले.

दुसऱ्या भांड्यात चहा झाला, तो पिऊन मी निघालो. सर फाटकापर्यंत आले.

“पातेली जळायली होती,” ते हळूच म्हणाले. “झाकण उचलून बघायला गेलो की ही रडायची. ‘इतकी वर्षं रांधलं, आता माझ्यावर पहारा ठेवता का?’ म्हणायची. काचेचं असलं की खुर्चीतून दिसतं, तिला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. पण स्वयंपाकघर काढून घेतलं, तर तिच्याकडं राहिलं काय?”

तेवढ्यात काकू दारात आल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

“अगंबाई, विलासराव! कवा आलात? आन् चहा न घेताच निघालात व्हय?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

“आत्ताच येतोय, काकू,” मी म्हणालो. “दीडशे मिली टाका.”

काकू लगबगीनं आत गेल्या. सर माझ्या पुढे झाले आणि गॅस पेटायच्या आत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.