एका वाक्याची बंडी

हरिदास टेलरला या सौद्यात मिळणार होती एक बैलबंडी, आणि द्यायचं होतं फक्त एक वाक्य. एवढा फायद्याचा सौदा अल्लीपुरात त्या अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत कुणीच केला नव्हता!

त्याच्या तरुण नाट्य मंडळाचं स्टेज म्हणजे चार बंड्या शेजारी लावायच्या, चाकांना दगड, वर फळ्या. तीन बंड्या मिळवता मिळवताच त्याच्या चपला झिजल्या होत्या. चौथीसाठी तो वासुदेवरावांच्या दारात गेला तो पाय ओढतच.

"बंडी ने," वासुदेवराव म्हणाले, "पण माह्या चिंधूले नाटकात घे. वीस वर्षांचा घोडा झाला, चार लोकांत तोंड उघडत नाई. त्याच्या तोंडून एक वाक्य काढून दाखोव!"

"एक काऊन, दहा काढतो!" हरिदासनं छाती फुगवली. शेजारी उभ्या चिंधूकडे वळून तो म्हणाला, "काय बाबू, करशील ना?"

"करन ना, करन!" वासुदेवरावांनीच उत्तर दिलं.

चिंधूला पहारेकरी केलं. शत्रूचा सेनापती सिंहासनाला हात लावतो, तेव्हा भाला रोखून म्हणायचं, "खबरदार, सिंहासनाला हात लावशील तर!" बस्स. तालमीत चिंधू भाला झकास रोखायचा, तोंड उघडायचा, आणि आतून पंक्चर ट्यूबसारखी नुसती हवा यायची! पण पोरं हसली नाहीत. राजा झालेला प्रेमदास रोज आपल्याशेजारी त्याची जागा धरून ठेवायचा. "आज हवा जोरात होती बे, उद्या आवाज निंघन!" म्हणायचा. चिंधू सगळ्यांच्या आधी यायचा आणि शेवटी जायचा. हरिदास मात्र भिंतीला टेकून जांभया द्यायचा. दुकानात ब्लाउजांचा ढीग, आणि रस्त्यात बायका अडवायला लागलेल्या!

नाटक दिवेलागणीला सुरू झालं. सेनापतीनं सिंहासनाला हात लावला. चिंधूनं भाला रोखला. हवा! पडद्यामागून हरिदासनं वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. पुढं बसलेल्या बायकांचं पाठ झालं, तरी चिंधू गप्प! सेनापती बिचारा हात लावून लावून अवघडला.

तेवढ्यात स्टेजवर खुद्द वासुदेवराव चढले!

"थांबवा नाटक! निरोप आला, सकाळी आपल्या कापसाचा नंबर हाय. माही बंडी काढा!"

त्या काळी कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. नंबर चुकला, की पुन्हा रांगेच्या शेपटाला. हे सगळ्यांना कळत होतं. पण बंडी नेमकी सिंहासनाखालची!

"काका, अंक तं संपू द्या!" हरिदास पडद्यातून अर्धा बाहेर आला.

"अंक मंग संपव! ऊठ बे प्रेमदास!" म्हणत वासुदेवरावांनी राजासकट सिंहासन ओढायला हात घातला.

"खबरदार!"

आवाज असा, की बांधलेले बैल उठून उभे राहिले! "सिंहासनाला हात लावशील तर!" भाल्याचं टोक थेट वासुदेवरावांच्या छातीवर.

"अबे, मी तुहा बाप!"

"बाप असो की बापाचा बाप! लोकं मले नाव इचारते, तुम्ही सांगता! दुकानदार मले इचारते चप्पल चावते का, तुम्ही म्हणता नाई चावत! चावते! चार वर्षांपासून चावून राह्यली!"

वासुदेवराव मटकन खाली बसले, ते प्रेमदासच्या मांडीवर! टाळ्या अशा पडल्या, की बंडीचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. खुद्द वासुदेवरावांचीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर. "एक वाक्य मांगतलं, तुनं पोतंभर देलं. सौदा पुरा! पण नंबर तुह्या नाटकापायी गेला. आता पोरासंग रांगेत तूच बसजो."

तिसऱ्या दिवशी हरिदास बंडीतल्या कापसाच्या ढिगावर जाऊन बसला. शेजारी चिंधू. त्यानं सकाळी आपल्या आयुष्याची गोष्ट पहिल्या वर्गापासून सुरू केली. मागच्यापुढच्या गाडीवाल्यांना हाका मारमारून तो ती ऐकवत होता. उन्हं उतरली तेव्हा रांग जेमतेम दोन बंड्या सरकली होती, आणि चिंधू तिसरीत पोचला होता.

हिशेब मांडला तर बापाला पोराचा आवाज मिळाला, पोराला दोस्त मिळाले, गावाला नाटक मिळालं. भरपाई तेवढी हरिदासच्या कानांनी केली, आणि चौथीचे मास्तर तर अजून यायचेच होते!