सायखेड्याच्या शाळेंत वऱ्हाड बसलें त्याची हकीकत

श्रोते हो, असे पुढें सरा, टाळ मांडीवर ठेवा. माउलीचें स्मरण करून, जैसी घडली तैसी हकीकत ऐकावी.

शके एकोणीसशें, वैशाख मास. गोदातीरीं मौजे सायखेडे येथील हेडमास्तर, छडीबहाद्दर राजमान्य राजश्री लहानू गुरुजी यांस मसलत सुचली कीं, मे महिन्याच्या सुटींत पोरें पाढे विसरतात आणि जूनमध्यें पुन्हां बे एके बे. सबब शाळा बारमास चालेल, सुटी बंद. फर्मान सुटलें. घरें शांत जाहलीं म्हणून आया संतोष पावल्या, आणि पोरें पत्र्याखालीं पापडासारखीं भाजून निघालीं.

परंतु सगुणाबाईंचें धाबें दणाणलें. कन्या चंद्रभागेचें लग्न उद्यां, आणि वऱ्हाड उतरण्याचा गांवचा जानोसा म्हणजे दर उन्हाळ्यास तीच शाळा! जागेवांचून सटाण्याचें वऱ्हाड माघारीं फिरलें तर पोरीस जन्माचा बट्टा लागला.

"गुर्जी, वऱ्हाड काय माझ्या डोक्यावर उतरवू?"

हुकूम जाहला कीं, शाळेंत बसेल तो विद्यार्थी, इतरांस मज्जाव.

बाईंनीं हुकूम पदरीं बांधला. मग दुसरे दिवशीं वऱ्हाडाचा ट्रक येतांच खासे नवरदेव मुंडावळ्यांसह पहिल्या तरटपट्टीवर बसविले, आणि मागें वरमाय, आणि मागें करवल्या, आणि मग बँडवाले. गुरुजी डगमगले नाहींत. सातांचा पाढा पुसला. नवरदेव सात चोकला अडखळले, नवरदेवाचे मामा चुकले म्हणून अंगठे धरून उभे राहिले आणि तैसेच ओणवे रुसले, आणि बँडवाल्यांनीं पाढ्यास ताशा लाविला. इतक्यांत मुहूर्त आला. घंटेआधीं कोणीं उठूं नये, ऐसी गुरुजींची ताकीद. तेव्हां सगुणाबाई लाटणें घेऊन खुद्द घंटेवर चालून गेल्या आणि ऐसा मारा केला कीं नदीपारचे बगळे उडाले. सारी फौज मांडवाकडे धांवली.

एक मात्र हालेना. नवरदेवाची आजी, वरमायेची सासू बयाबाई, जन्मांत प्रथम पाटी हातीं आलेली.

"ऊठा आत्याबाई, मुहूर्त टळी जाई!" वरमाय ओरडली.

"थांब वं माय, आजून मनं नाव पुरं नही व्हयनं."

आजीवांचून अक्षता पडेनात, अंतरपाट धरणारांचे हात भरून आले. अखेर म्हातारीस पाटीसुद्धां उचलून मांडवीं आणिलें आणि अक्षता पडल्या. सायंकाळीं तह जाहला: सुटी कायम, जानोसा कायम, फत्ते सगुणाबाईंची. गुरुजींनीं मुकाट्यानें ती पाटी बयाबाईस आहेर केली. तीवर एकटा 'ब'.

पुढें जूनमध्यें शाळेची घंटा कानीं येईल, तेव्हां श्रोते हो, सटाण्याच्या बयाबाईचें स्मरण असों द्यावें.