दोन किलोमीटरच्या पाठलागाची चौकशी

शिस्त ही पोलीस खात्याची पाठ आहे. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, म्हणून ती पाहायला खात्याने एक स्वतंत्र कक्ष नेमला आहे. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. त्या कक्षात मी टंकलेखक आहे. गेल्या सात वर्षांत आमच्याकडे पोलिसांविरुद्ध तीनशे बारा तक्रारी आल्या. तीनशे नऊ प्रकरणांत शिस्त आधीपासूनच असल्याचं आढळलं. दोन तक्रारदारांनी, संबंधित कर्मचारी त्यांच्या घरी प्रेमाने बसून आल्यावर, तक्रार मागे घेतली. उरली एक. तीत मात्र आम्ही शिक्षा केली. खात्याला ऊठसूट नावं ठेवणाऱ्यांनी ही हकिगत जरूर वाचावी.

झालं असं, की भर दुपारी, मालक घरी जेवायला गेलेला असताना, बाजारातल्या घड्याळाच्या दुकानात चोरी झाली. त्या चौकात एका हवालदाराची गस्त होती. ती तो समोरच्या सलूनमध्ये, खुर्ची मागे रेलून, तोंडावर टॉवेल घेऊन घालत होता. आरडाओरड्याने जाग आल्यावर त्याने डायरीत लिहिलं : 'चोरास पळताना पाहिले. दोन किलोमीटर पाठलाग केला. दोन भिंती ओलांडून तो निसटला. चेहरा ओळखू शकतो.'

चेहरा ओळखू शकतो म्हटल्यावर चेहरा आणणं आलं. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. किल्ली कोण करतो? किल्लीवाला. (याला तपास म्हणतात.) चौकाच्या कोपऱ्यावर एक किल्लीवाला बसायचा. हवालदाराने त्याला ओळखलं. किल्लीवाल्याचा डावा पाय लहानपणीच्या तापात गेलेला आहे आणि तो कुबडी घेऊन चालतो, ही बाब त्याला उठवून उभं केल्यावर हवालदाराच्या लक्षात आली. पण तोवर डायरीतली शाई वाळली होती.

अकरा दिवस किल्लीवाला कोठडीत होता. बाराव्या दिवशी दुकानदाराचा मेहुणा तीच घड्याळं विकताना सापडला. किल्ली त्याने बहिणीच्या पर्समधून घेतली होती. किल्लीवाल्याला सोडण्यात आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याची बायको आमचा जिना चढून तक्रार घेऊन आली.

आमचे चौकशी अधिकारी अतिशय निःपक्षपाती. ते दोन्ही बाजूंवर सारखेच खेकसतात. पहिली साक्ष सलूनवाल्याची झाली.

"हवालदार झोपले होते, की नुसते डोळे मिटून होते?"

"घोरत होते, साहेब."

"घोरणं आणि पाठलाग करून दम लागणं, यातला फरक तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या सांगू शकाल?"

सलूनवाला म्हणाला, नाही सांगता येणार. तसं मी टंकलं.

मग पायाचा प्रश्न आला. असा पाय असलेला माणूस पळू शकतो का, हे ऐकीव माहितीवर ठरवणं अन्यायाचं झालं असतं. म्हणून साहेबांनी प्रत्यक्ष चाचणी घेतली. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, ऐंशी पावलं. हवालदार आणि किल्लीवाला शेजारी शेजारी उभे राहिले. सगळी खाती खिडक्यांत आली.

तिसाव्या पावलाला हवालदार झाडाला टेकला. किल्लीवाला कुबडी खडखडवत, पाय ओढत, घामाने निथळत पुढे गेला. "अहो, हळू! पडाल!" त्याची बायको ओरडत होती. तो टाकीला हात लावूनच थांबला.

साहेबांनी सांगितलं, मी लिहून घेतलं : 'सदर इसम हवालदारास मागे टाकू शकतो. त्यामुळे तो निसटला, हे विधान संभाव्य वाटते. भिंतींचा मुद्दा, आवारात योग्य भिंत नसल्याने, राखून ठेवला.'

जिन्यात मी किल्लीवाल्याला हळूच विचारलं, "कशाला एवढा जीव तोडून पळालात?"

"मला वाटलं, हरलो तर परत आत टाकतील," तो म्हणाला. "हरायचं होतं, हे कुणी सांगितलंच नाही."

चौकशीच्या सहाव्या तारखेला त्याच्या बायकोची साक्ष झाली. ती एवढंच म्हणाली, "अकरा दिवस मी मुलीला रोज सांगत होते, बाबा कामासाठी गावाला गेलेत. जन्मात तिच्याशी खोटं बोलले नव्हते. ते कुणाच्या नावावर लिहायचं, साहेब?"

साहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "घ्या. 'तक्रारदार महिलेने स्वतः अकरा वेळा असत्य कथन केल्याचे मान्य केले.'"

इतक्या अडचणींतूनही आम्ही सत्य शोधलं. साहेबांनी स्वतः टेप लावून रस्ता मोजला. दुकानापासून तो रस्ता दीड किलोमीटरवर नदीपाशी संपतो. म्हणजे दोन किलोमीटर पाठलाग अशक्य. हवालदार अर्ध्या किलोमीटरपुरता दोषी ठरला. (झोपेबाबत : तो गस्तीच्या चौकातच हजर होता, हे सर्व साक्षीदारांनी एकमुखाने सांगितलं आहे.) त्याला तीन आठवड्यांच्या सत्यलेखन प्रशिक्षणाची सजा झाली. तिथे तो पहिला आला. आता तो तोच विषय शिकवतो. त्यामुळे गस्तीतून सुटका आहे.

किल्लीवाल्याला आम्ही निर्दोष असल्याचं पत्र दिलं, गोल शिक्क्यासह. त्याने ते काचेत घालून आपल्या पेटीवर लावलं आणि पुन्हा कोपऱ्यावर बसला. येणारे-जाणारे सगळे पत्र वाचतात. "फार वाईट झालं हो तुमचं," म्हणतात, मनापासून म्हणतात, आणि किल्ली करायला मंडईमागच्या दुसऱ्याकडे जातात. हल्ली तो बॅगांच्या चेन दुरुस्त करतो. त्याला कुणाची हरकत नसते. बॅग रिकामी करून दिली की झालं.

तुम्ही सुशिक्षित आहात, सगळी हकिगत आत्ताच वाचलीत. तो निर्दोष आहे याबद्दल तुमच्या मनात शंका नाही. तेव्हा घराची जादा किल्ली करून घ्यायची असेल तर पत्ता देतो.

नको? राहू द्या. कारण विचारणार नाही. आमच्या कक्षाला फक्त गणवेशातल्या माणसांचीच चौकशी करता येते.