उघड्या ब्राउझरची देखभाल

आमच्या दाखले कार्यालयात प्रत्येक टेबलावर लिनक्सवर चालणारा एक संगणक आहे आणि प्रत्येक संगणकात एक ब्राउझर आहे. जन्माचा असो, मृत्यूचा असो की रहिवासाचा, दाखला निघतो तो त्या ब्राउझरमधूनच. हा ब्राउझर स्थिर राहावा म्हणून मुख्यालयाने स्थैर्य अधिकारी असं स्वतंत्र पद निर्माण केलं. त्या पदावर मी आहे. मला संगणकातलं फारसं कळत नाही, पण स्थैर्यातलं कळतं. रुजू झालो त्या दिवसापासून मी खुर्चीसुद्धा बदललेली नाही.

समोरच्या खोलीत सुरक्षा अधिकारी बसतात. त्यांचा नियम असा, की ब्राउझरची नवी आवृत्ती आली की ती त्याच दिवशी सगळ्या संगणकांत टाकायची. माझा नियम असा, की चालत्या ब्राउझरला हात लावायचा नाही. यावरून आमचं इतकं फाटलं होतं, की डबा खातानाही आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसायचो. शेवटी मोठ्या साहेबांनी तोडगा काढला. अपडेट ताबडतोब टाकायचं, मात्र ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा नाही. बसलेल्या माणसाखालची खुर्ची तो उठेपर्यंत बदलता येत नाही, तसंच ब्राउझरचं असतं. नवी आवृत्ती संगणकात येऊन ताटकळत राहते आणि उघडी खिडकी मिटेपर्यंत जुनीच चालते. त्यामुळे सुरक्षा कक्षाच्या अहवालात 'सर्व संगणक अद्ययावत' असं गेलं, माझ्या अहवालात 'कामकाजात कोणताही बदल नाही' असं गेलं, आणि दोन्ही खरं होतं. मुख्यालयाने दोघांचंही अभिनंदन केलं.

पडद्यावर मात्र 'ब्राउझर पुन्हा सुरू करा' अशी पट्टी येऊ लागली. नवा टॅब उघडायला गेलं की तो हटून बसायचा. आधीपासून उघडे होते तेवढेच टॅब चालायचे. मी परिपत्रक काढलं, की पट्टीकडे दुर्लक्ष करावे आणि टॅब काटकसरीने वापरावेत.

अशातच एका लिपिकाने जेवायला जाताना सवयीने ब्राउझर बंद केला. परत येऊन उघडला तर नवी आवृत्ती सुरू झाली आणि दाखल्यांच्या पानाऐवजी कोरा पांढरा पडदा दिसला. मी स्वतः जाऊन तो पाहिला. नवी आवृत्ती अस्थिर आहे, असा निष्कर्ष मी जागच्या जागी काढला, संगणक बंद करायला लावला आणि त्यावर कापडी खोळ चढवली. त्या महिन्याच्या तक्त्यात तोच संगणक सर्वांत स्थिर ठरला, कारण बंद संगणक कधी कोसळत नाही.

पुढे एकेक संगणक पडत गेला. कुणाचा कोपर लागला, कुणाच्या टेबलाची वीज गेली, कुणाचा ब्राउझर आपणहून मिटला. पडला की खोळ, असा शिरस्ताच झाला. आकडेवारी इतकी सुधारली, की मुख्यालयातून दुसरं अभिनंदन आलं. अखेर जुनी आवृत्ती जिवंत असलेली एकच खिडकी उरली, तीही एका टॅबची. ती होती दाखलेबाईंच्या टेबलावर.

दाखलेबाई म्हणजे आमच्या सर्वांत जुन्या लिपिक. तोंडाने फटकळ, हाताने चटपटीत. आता सगळ्या शहराचे दाखले त्यांच्या एका टॅबमधून निघू लागले. रांग जिना उतरून फाटकाबाहेर गेली. झाडूवाल्याला त्यांच्या टेबलाखाली जायची बंदी झाली. कागद उडून कीबोर्डवर पडू नयेत म्हणून पंखा बंद केला. 'चालू ब्राउझर. मोठ्याने बोलू नये' अशी पाटी लावली. बाई जेवायला उठल्या की शिपाई आणि रात्री पहारेकरी त्यांच्या खुर्चीत बसून माउस हलवत राहायचा, कारण थोडा वेळ काही हललं नाही की लॉगिन सुटतं. सुटलेलं लॉगिन पुन्हा करता येतं का, हे करून बघायची कुणाची छाती नव्हती.

एक दिवस बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माझ्या मुलीचे दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण आहे. जावई बोटीवर, तिची सासू अंथरुणाला खिळलेली. मला रजा पाहिजे."

"रजा तुमचा हक्कच आहे," मी म्हणालो. "पण तुमच्या जागी दुसरं कुणी बसवायचं तर त्याला स्वतःच्या नावाने संगणक उघडावा लागेल. म्हणजे तुमचा बंद करावा लागेल."

"मग करा की बंद!"

"बाई, भरल्या कार्यालयात असं अभद्र बोलू नका."

मला खरंच वाईट वाटलं. मलाही मुलगी आहे. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्या माऊलीला सोडा, नाहीतर तुमच्याच डोक्यावर खोळ घालते." म्हणून मी दुसऱ्याच दिवशी समिती नेमली. समितीने सहानुभूतिपूर्वक विचार करून आदेश दिला, की रजा मंजूर करण्यात येत आहे, मात्र रजेच्या काळात जागा सोडू नये. रजेवरच्या माणसाला कामाची सक्ती करता येत नाही, तेव्हा दाखले स्वखुशीने द्यावेत.

"म्हणजे मी रजेवर आहे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि इथेच आहे?"

"रजा कुठे घालवायची हा तुमचा खासगी प्रश्न आहे. फक्त ती इथे घालवा."

रजा सुरू झाली आणि दोन-चार दिवसांतच बाईंचा फोन वाजला. पलीकडे मुलगी रडत होती. शेजारपाजारच्या टेबलांपर्यंत ऐकू येत होतं.

"आई, कळा सुरू झाल्यात गं. शेजारच्या काकू दवाखान्यात घेऊन चालल्यात. तू निघालीस ना?"

"निघालेच बाळा," बाई म्हणाल्या, आणि पडद्यावरचा बाण वरच्या कोपऱ्यातल्या फुलीकडे सरकू लागला. मी धावत जाऊन पडद्याला मिठी मारली. पण माझ्याआधी रांगच ओरडली होती.

"बाई, थांबा! माझं एवढं करून जा!"

"अहो, सकाळपासून उभा आहे मी. एकच तर राहिलंय!"

"माझी नोकरी अडकलीय त्या दाखल्यावर!"

पुढच्या एक आजी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पहिलटकरणीला वेळ लागतो हो. संध्याकाळपर्यंत काही होत नाही. माझ्या नातवाचा जन्माचा दाखला तेवढा द्या."

"तुमच्या नातवाचा देते, पण माझ्या नातवाला आधी जन्माला तर येऊ द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी फुली दाबली, पर्स खांद्याला अडकवली आणि रांगेतून वाट काढत जिना उतरल्या.

शिपायाने भीत भीत ब्राउझर पुन्हा उघडला. नवी आवृत्ती सुरू झाली. दाखल्यांचं पान उघडलं, आणि पूर्वीपेक्षा लवकर उघडलं. मग एकेक खोळ काढली. सगळीकडे उघडलं. तो पांढरा पडदा दिसला त्या दुपारी दाखल्यांची यंत्रणाच दुरुस्तीसाठी बंद होती, असं नंतर कळलं. ती यंत्रणा तिसऱ्या कक्षाकडे असल्याने आम्हाला ते कळण्याचं कारण नव्हतं, आणि खोळ काढून पाहायला नियमात जागा नव्हती. चहाच्या वेळेपर्यंत फाटकाबाहेरची रांग संपली.

बाई वेळेत पोहोचल्या. नात झाली. त्यांना 'विनापरवाना ब्राउझर बंद केल्याबद्दल' खुलासा मागणारी नोटीस गेली आणि आमच्या दोन्ही कक्षांना तिसरं अभिनंदन आलं.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा, मला त्याचा पगार मिळतो. नियम माझा, समिती माझी, पडद्याला मिठीही माझीच. पण 'माझं एवढं करून जा' हे काही मी म्हणालो नव्हतो. कोण ओरडतंय म्हणून मी मान वळवून पाहिलं होतं. रांगेत मधोमध, पिशवी छातीशी धरून, तुम्हीच होतात. तुमचा दाखला तर आदल्या दिवशीच मिळाला होता. तुम्हाला त्याची आणखी एक प्रत हवी होती.