टेप काय म्हणतो?

कुंभकोणमला मोगरा हाताने मोजून विकतात. फुलवालीच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत जेवढा गजरा भरेल, तेवढा एक मुळम्. सगळं गाव असा गजरा मुकाट्याने घेतं. सेतुराव मात्र खिशातून पोलादी टेप काढतात आणि आधी फुलवालीचा हात मोजतात.

"फुलं घेताय सार, की लोखंड?" ती रोज तमिळमध्ये विचारते. गजरा आखूड भरला तरी सेतुराव तक्रार करत नाहीत. त्यांना फक्त कळायला हवं असतं.

हे माझे कारखान्यातले वरिष्ठ सहकारी. पूर्वज मराठेशाहीत तंजावरला आले, त्यामुळे घरात मराठी. पण अशी, की मी सोलापूरचा माणूस पहिल्या दिवशी पोथी चाललीय समजून हात जोडणार होतो.

आमच्याकडे पितळी नळ्या कापणारं यंत्र आहे. नळी किती सरकली हे एक सेन्सर बारीक रेघा मोजून सांगतो. किती रेघांचा एक मिलिमीटर धरायचा, ते आपण त्याला शिकवायचं. ते प्रमाण चुकलं की यंत्र छातीठोकपणे खोटं बोलतं. म्हणून सेतुराव त्याला मीटरभर सरकायला लावतात, पडद्यावरच्या आकड्याकडे संशयाने पाहतात आणि म्हणतात, "यंत्र म्हणतें तें असूं दे. टेप काय म्हणतो?"

एकदा केसभर फरक निघाला. साहेब म्हणाले, चालवा, गिऱ्हाइकाला कळणार नाही. "गिऱ्हाइकाला नाहीं कळलें, मज कळलें कीं," म्हणत सेतुरावांनी फरक जाईपर्यंत यंत्र बंदच ठेवलं.

गजरा असतो त्यांच्या पत्नीसाठी, जानकीवहिनींसाठी. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात वर जात नाही. त्यांना ध्यास एकच, आपल्या वेणीत गजरा आपण माळायचा. "हे माळतात तें केबल बसविल्यासारखें," वहिनी म्हणतात. म्हणून रोज भिंतीवरून हात वर सरकवण्याचा व्यायाम, आणि शेजारी सेतुरावांनी चिकटवलेली आकड्यांची कागदी पट्टी.

परवा मी त्यांच्या घरी कॉफीला गेलो, तेव्हा वहिनींचा हात नव्या आकड्याला पोचला होता. त्या खुशीतच आत गेल्या. सेतुरावांची संगत मलाही लागलेली. मी सहज माझा टेप पट्टीला लावला. पट्टीवरचा सेंटिमीटर चांगलाच आखूड होता.

"काय म्हणतो टेप?" सेतुराव मागेच उभे होते.

मी टेप गुंडाळला. तेच हळू आवाजात म्हणाले, "आधीं हात हललाच नाहीं. तिनें व्यायाम टाकिला. मग म्यां पट्टी बदलिली. आकडा चढला, तशी ती पुन्हा भिंतीशीं उभी राहिली."

"आणि आता?"

"आतां हात खरेंच चढतो आहे. तशी मी पट्टी थोडी थोडी खरी करितों. हात वेणीस लागेल त्या दिवशीं पुरती खरी करीन." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "नाहीं लागला, तर काय करूं, सांग."

यंत्राबद्दल या माणसाने कधी कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. फुलवालीने सवयीने मोजून घ्यायला हात पुढे केला. सेतुरावांचा टेप खिशातच राहिला.

"आज मोजत नाही, सार?"

"नको. आज तुझा हात म्हणेल तेवढं."

तिने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि कोपराच्या बरंच मागून गजरा मोजायला घेतला.